घंटी न वाजवणारा आकडा

१

आमच्या दुकानात दुरुस्त झालेलं प्रत्येक यंत्र बाहेर पडण्याआधी माझ्या हाताखालून जातं. यंत्र म्हणजे हिशेबाचं यंत्र. विजेचं नव्हे, मुठीचं. आत चाकं, दाते आणि स्प्रिंगा, वर आकड्यांच्या खिडक्या आणि उजव्या बाजूला लाकडी मूठ. मूठ पुढे फिरवली की बेरीज, मागे फिरवली की वजाबाकी, आणि चिकाटीने मागे फिरवत राहिलं की भागाकार. हल्ली ही यंत्रं कोण वापरतं, असं लोक मला विचारतात. वापरत कुणीच नाही. पण घरातलं जुनं यंत्र अडलं म्हणून जीव टांगणीला लागणारे लोक अजून आहेत, आणि त्यांच्यामुळे आमची चूल पेटते.

पुसून, तेल देऊन यंत्र माझ्यापुढे आलं की मी त्यावर एकच आकडा लावते. ३८१६५४७२९०. तीनशे एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद. शून्यापासून नवापर्यंत सगळे अंक यात आहेत आणि प्रत्येक अंक एकदाच आहे. याला दहाने भागायचं. काही उरत नाही. मग शेवटचा अंक झाकायचा आणि राहिलेल्या नऊ अंकांच्या आकड्याला नवाने भागायचं. काही उरत नाही. पुन्हा शेवटचा झाकायचा आणि आठाने. असं करत करत एका अंकापर्यंत यायचं. पालीचं शेपूट तुटावं तसा हा आकडा दर खेपेला तुटतो, आणि आपलं काही गेलंच नाही अशा थाटात पुढे जातो.

भागून काही उरलं तर यंत्रातली इवलीशी घंटी वाजते. या आकड्याला ती वाजायला नको. वाजली तर दोष यंत्रात आहे, चाचणी तिथेच थांबवायची आणि यंत्र उघडायचं, असा आमचा शिरस्ता. दहा वेगवेगळे अंक असलेला असा दुसरा आकडा नाही, असं दुकान चालवणारे आमचे उस्ताद म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीला ते पटलं नव्हतं. तिने एकदा त्यातल्या नऊ आणि दोनाची अदलाबदल करून पाहिली. आठपाशी घंटी वाजली आणि उस्तादांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

हे सांगताना माझ्या उजव्या हातात एक लाकडी मूठ आहे. ती का, ते पुढे येईलच.

२

दुकान म्हणजे एक लांब खोली आणि तिच्यात एक लांब टेबल. टेबलावर प्रत्येकाच्या जागेसमोर एक पितळी अंक ठोकलेला होता, चाचणीच्या आकड्याच्याच क्रमाने. पहिला तीन, तो उस्तादांचा. आठ माझा. एक धाकटीचा, ती चाकांवरचे झिजलेले आकडे पांढऱ्या रंगाने पुन्हा काढते, त्यामुळे तिच्या नखांत कायम पांढरा रंग. सहा तेलवाल्या आजोबांचा. त्यांच्यापुढे स्प्रिंगवाली, तिच्यापुढे बोलघेवडा, आणि असं करत टेबलाच्या टोकाला शून्यासमोर खोकीवाला बसायचा. तोंडात खिळे धरून तो गुणगुणायचा. त्याला ओठ उघडता यायचे नाहीत म्हणून त्या गाण्याला शब्दच नव्हते.

आई गेली तेव्हा धाकटी माझ्या कमरेला लागत होती. तिला मी वाढवली आणि हाताला काम यावं म्हणून दुकानात आणली. ती मला मोजमाप खातं म्हणते. भाजीत मीठ घालतानाही तू ओठ हलवतेस, म्हणते. माझं दुसरं कुणी नाही, हे तिला माहीत आहे. म्हणून ती इतकं बोलू शकते.

ते यंत्र एका सकाळी दोन हमालांनी आणून ठेवलं. काळं, शिवणयंत्राच्या दुप्पट, आणि त्यावर नाव ना गाव. उस्तादांनी ते उघडलं, आत बॅटरी मारली, आणि एकेक दाता बोटाने चाचपला. मग म्हणाले की मोडलेलं काहीच नाही. चाचणीसाठीच पाठवलं असेल, तर चाचणी घेऊन टाका.

मूठ जड होती. इतकी जड, की एक भागाकार पुरा व्हायला सकाळची संध्याकाळ व्हायची. शिवाय अशी यंत्रं अर्ध्यावर सोडता येत नाहीत; दाते एकमेकांत रुतून बसतात. एकदा सुरू केलं की तड लावायची. मी दहाने भागायला घेतलं, आणि उन्हं उतरली तेव्हा शेवटची फेरी झाली. घंटी वाजली नाही. उद्याची तयारी म्हणून मी शेवटच्या चाकावर झाकण सरकवलं, मूठ काढून खणात ठेवली आणि आम्ही घरी गेलो.

३

दुसऱ्या दिवशी चहा करताना मी कपांच्या फळीवरून एकेक कप उतरवत होते. नऊ उतरवले आणि हात आणखी एकदा वर गेला. फळी रिकामी होती. धाकटीने ते पाहिलं आणि कुणी पाहुणे येणार आहेत का, असं विचारलं. सगळे हसले, मीही हसले.

टेबलाशी नऊजण बसले होते. टेबल नवव्या जागेशीच संपत होतं आणि त्याची कडा वर्षानुवर्षं कोपर घासून गुळगुळीत झालेली होती. भिंत तिच्यापासून हातभर अंतरावर. मी ते सगळं पाहिलं आणि मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

मग मी यंत्राशी बसले आणि आकडा पडताळला. ३८१६५४७२९. नऊ अंक, नेहमीचाच. पण बोट नवव्या चाकावरून पुढे सरकलं आणि गार पत्र्यावर टेकलं. सवयीची बोटं अशी उगाच जात नाहीत. मूठ धरली, दोन-तीन फेऱ्या झाल्या, आणि मला खोक्यांत भरायच्या पेंढ्याचा वास आला. त्यामागोमाग ते शब्द नसलेलं गाणं.

मी उस्तादांना विचारलं की आपल्याकडे खोकी कोण भरतं. ते म्हणाले, आपण सगळे मिळून भरतो, पहिल्यापासून. ते खोटं बोलत नव्हते. मी माझे हात पाहिले. तळव्यांवर खिळ्यांचे बारके व्रण होते, जुने, बरे झालेले. मला खोकी ठोकता येतात हे मला त्या क्षणी कळलं.

पण मूठ सोडता येत नव्हती. डोकं म्हणालं, रात्री झोप लागली नसेल. हात काहीच म्हणाले नाहीत, ते फिरवत राहिले. संध्याकाळी घंटी वाजली नाही. मी नववं चाक झाकलं आणि मूठ सोडली. मघाशी मला कसली तरी काळजी वाटत होती, एवढंच डोक्यात राहिलं.

४

त्यानंतरचे दिवस झोपेतून चालल्यासारखे गेले. रोज सकाळी दुकानातला एक आवाज कमी असायचा. कानशीची खरखर गेली. पॉलिशच्या फडक्याची फुसफुस गेली. बोलघेवडा गेला त्या दिवशी खोलीत इतकी शांतता होती की मला छान वाटलं. आज कामात लक्ष लागतंय, असं मी धाकटीला म्हटलंसुद्धा. भिंत रोज थोडी अलीकडे यायची. तिच्यावरचे तडे तेच, घड्याळ तेच, फक्त खिडक्या जितक्या असायला हव्यात तितक्याच.

आणि कुणाला काही कमी पडत नव्हतं. हे मला नीट सांगता येत नाही, पण भीती त्याचीच होती. गेलेल्या माणसाचं काम उरलेल्यांत अगदी सारखं वाटलं जायचं. स्प्रिंगा मी वळू लागले, आणि त्या मला आधीपासूनच वळता येत होत्या. स्प्रिंगवालीच्या चिमट्यावर माझ्या बोटांचे ठसे झिजलेले होते. कुठे रिकामी खुर्ची नाही, खुंटीवर कुणाची पिशवी नाही, कुणी विचारायला येणारं नाही.

आठवायचं ते फक्त मूठ हातात असताना. पहिल्या फेरीला काही नाही. पाचव्या-सहाव्या फेरीला एकेकजण परत यायचा, आवाजाने, वासाने, चहात साखर किती यावरून. तेव्हा मी दातओठ खाऊन ठरवायची की उद्या या यंत्राला शिवायचं नाही. भागाकार तर अर्ध्यावर सोडता येत नव्हता. संध्याकाळी तो निःशेष सुटायचा, मी मूठ खणात ठेवायची, आणि ठरवलेलं सगळं तिच्याबरोबर खणात जायचं. मग मी आणि धाकटी रमतगमत घरी यायचो, वाटेत भाजी घ्यायचो. मी पोटभर जेवत होते. मला गाढ झोप लागत होती. आता त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

५

चौघे उरलो तेव्हाची गोष्ट. चार अंकांना चाराने भागायचं होतं, ३८१६. टेबल आता जेवणाच्या टेबलाएवढं होतं. दुपारी तेलवाले आजोबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि आपली तेलाची लांब चोचीची झारी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "आज सकाळपासून मला सारखं वाटतंय, मी काहीतरी विसरून जाणार आहे."

मूठ माझ्या हातात होती. मला सगळं ठाऊक होतं आणि मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. मी फक्त मान हलवली आणि फिरवत राहिले.

त्या संध्याकाळी धाकटीची घाई चालली होती. तिला वाटेत रंगाची डबी घ्यायची होती. मी मूठ सोडून चौथं चाक झाकलं आणि मग ती गडबडीत खणाऐवजी ॲप्रनच्या खिशात टाकली. घरच्या जिन्यावर किल्लीसाठी खिशात हात घातला तर बोटं तिच्यावर मिटली. मी तिथेच पायरीवर बसले. दहाही जण एकदम आठवले, क्रमाने, आणि पहिल्यांदाच ते दुकानाबाहेर आठवले.

मूठ न सोडता मी धाकटीला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग माझा चेहरा पाहून हसायची थांबली. तिने पुन्हा एकदा क्रम विचारला. हिशेबात ती माझ्याहून चटपटीत आहे.

"आजोबा चौथे," ती म्हणाली. "म्हणजे उद्या आपण तिघं. तीनशे एक्क्याऐंशी भागिले तीन, एकशे सत्तावीस. काही उरत नाही. मग तिसरं चाक झाकायचं." तिने नखातला रंग खरवडला. "ताई, तिसरी मीच ना?"

मी हो म्हटलं. उद्या दुकानात जायचंच नाही, असंही म्हटलं. पण उस्तादांकडे मुठींचा डबाच भरलेला आहे. मी नाही गेले तर मला बरं नसेल असं समजून ते स्वतः फिरवतील. अर्धवट चाचणी त्यांनी जन्मात ठेवलेली नाही. ते तिलाही कळलं असावं. मग तिनेच एक प्रश्न विचारला.

"घंटी वाजली तर चाचणी थांबते ना?"

"थांबते."

"मग वाजू दे की. आणि मला विसरलीस तर बघ, ताई. मी तुला सोडणार नाही."

६

रात्रभर मी मूठ हातातून सोडली नाही. सकाळी खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी झाली होती. टेबलावर तीन पितळी अंक. तेलाची झारी माझ्यापुढे होती, आणि ही कुणाची असं उस्तादांनी विचारलं तेव्हा मी माझीच म्हणाले.

धाकटी नव्या डबीतला रंग दाखवायला त्यांना दाराशी उजेडात घेऊन गेली. हा पांढरा जरा पिवळट वाटतो का, असं ती फार वेळ विचारत राहिली. तेवढ्यात मी यंत्राचं बाजूचं झाकण उघडलं आणि मूठ डाव्या हातात धरूनच तिसऱ्या चाकाच्या एका दात्यावर कानस चालवली. आजवर मी दाते जुळवत आले, जाणूनबुजून एकही बिघडवला नव्हता. लोखंडाची पूड बोटांना लागली तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं.

मग मी फिरवायला बसले. सगळा दिवस मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्या घंटीची वाट पाहत होते. धाकटी समोर बसून एकाच चाकावर एकच आकडा पुन्हा पुन्हा काढत होती. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत तिच्या मनगटापर्यंत आलं. शेवटची फेरी आली. मूठ क्षणभर अडली, आत काहीतरी घसरलं, आणि घंटी वाजली. कपाला चमचा लागावा एवढासाच आवाज.

उस्ताद उठून आले. बाकी दाखवणाऱ्या खिडकीत एकचा आकडा आला होता, धाकटीच्याच हातच्यासारखा, पांढरा, मान किंचित तिरकी.

"एक उरला," ते म्हणाले. काहीच मोडलेलं नसताना या आकड्याला घंटी वाजलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "हरकत नाही. दाता झिजला असेल. उद्या सकाळी उघडतो आणि नवा बसवतो, की काही उरणार नाही. आजची रात्र असू दे हा असाच."

टेबलाखाली धाकटीने माझा हात इतका घट्ट दाबला की हाडं दुखली. मला रडू येत होतं आणि हसूही. मी मूठ काढली आणि उस्तादांसमोरच खिशात टाकली, हात मात्र तिच्यावरून काढला नाही.

७

घरी येताना धाकटी माझ्या दंडाला लटकून चालत होती, लहानपणी चालायची तशी. आता दात्याचं काय करायचं ते जेवल्यावर ठरवू, असं आमचं चाललं होतं. जिना चढलो तर आमच्या दाराच्या फटीतून उजेड येत होता. सकाळी मी स्वतः दिवा मालवून कुलूप लावलं होतं. कुलूप कोयंड्याला नुसतं अडकवलेलं होतं.

आत खिडकीपाशी, दाराकडे पाठ करून, धाकटी बसली होती. बोटं पसरून नखं वाळवत होती.

"किती उशीर, ताई," ती मागे न बघता म्हणाली. "चहा गार झाला."

माझ्या दंडावरची बोटं रुतली. मी खाली पाहिलं. दंडाला धाकटी होती. मी वर पाहिलं, तेव्हा खिडकीतली मान वळत होती, आणि मला गालाचा एक तुकडा आणि पापणी दिसली. मी झटकन वळून दाराला कडी लावली. का, ते माहीत नाही. शेजाऱ्यांना दिसू नये असं वाटलं असेल. परत वळले तेव्हा दोघी खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, एकमेकींपासून दूर, दोघींच्या चेहऱ्यावर तीच भीती. कोण दारातून आली आणि कोण खिडकीतून उठली, हे एवढ्याशा वेळात हरवून गेलं.

मी जे विचारायचं ते सगळं विचारलं. आई शेवटी काय म्हणाली होती. लहानपणी धाकटी जिन्यावरून पडली तेव्हा कुठे टाके पडले होते. काल रात्री माझ्याशी काय बोलणं झालं. दोघींना सगळं येत होतं. दोघींच्या नखांत पांढरा रंग होता, आणि दोघी माझ्यावर सारख्याच चिडल्या. मोजमाप खातं आता बहीणही पडताळून घेतंय, असं एक म्हणाली, आणि दुसरीने ओठ चावले, कारण ते तिच्याही तोंडात आलेलं होतं.

आता आम्ही भिंतीला टेकून जमिनीवर बसलो आहोत, मी मधे. सकाळी उस्ताद दाता बसवतील. भागाकार निःशेष सुटेल. मी फळीवरून कप उतरवेन आणि ते बरोबर असतील, जितके हवेत तितकेच. मला कुणाची आठवण येणार नाही. त्या दोघींतली एक माझी आहे आणि दुसरी म्हणजे भागाकारात उरलेला तो एक, हे मला माहीत आहे. पण कोणती, हे कळलं नाही तर मी कोणासाठी भांडायचं? आणि मूठ सुटली तर भांडायचं होतं हेही मला आठवणार नाही.

डावीकडच्या धाकटीने केव्हाच माझा हात हातात घेतला आहे. तिचा हात गरम आहे. उजवीकडची इतका वेळ गुडघ्यांत तोंड खुपसून बसली होती, ती आता वर पाहते आहे. माझ्या उजव्या मुठीकडे बघत तिने हळूच आपला तळवा पुढे केला आहे.

"ताई," ती म्हणते आहे, "माझाही धर ना."